बंड्याच्या पंज्यात फुंझा: सेफ्टी पिन बाजूला ठेवा, तो झोपतो कुठे ते बघा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, सध्या केनियात मालिंदीच्या वरच्या बाजूला राहतोय, मिस्टर मिठागरावर इंजिनिअर आहेत. घराभोवती सगळी वाळू, नारळ आणि आंब्याची झाडं. बंड्या हा इथलाच गावठी कुत्रा, आम्ही यायच्या आधीपासून या घरात आहे. जानेवारीपासून लंगडतोय, पंजे सारखे चाटतो, बोटांच्या मधे पांढरे फुगलेले फोड आलेत आणि प्रत्येक फोडाच्या मधे काळा ठिपका. बागेचं काम करणारे काका बघताक्षणी म्हणाले फुंझा आहे, आणि सेफ्टी पिनने उकरून वर रॉकेल लावायला लागले तर बंड्या त्यांच्या अंगावर धावला. शेतीच्या दुकानातून गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणि गोचीड मारायचं पाण्यात मिसळायचं औषध दिलंय, अजून काही वापरलं नाही. मुलगी सहा वर्षांची आहे, दिवसभर अंगणात अनवाणी. शेजारची मांजरं पण येऊन झोपतात. सासूबाई पाडव्याला यायच्या आहेत, त्या फोनवर म्हणतात कडुनिंबाचं तेल चोळ. मिस्टर म्हणतात कुत्रं कुणाला तरी देऊन टाक, कटकट नको. पुढेमागे भारतात परत आलो तर त्याला आणता येईल का हाही प्रश्न आहेच. काय करू? (नाव नको, मालिंदी)

उत्तर:

ताई, सोबतचे फोटो बघितले, काका बरोबर बोलतायत. हा फुंझाच, म्हणजे तुंगा पेनेट्रान्स नावाची वाळूतली पिसू, इंग्लिश बोलणारे तिकडे जिगर म्हणतात. त्यांचं निदान शंभर टक्के, उपाय मात्र शून्य टक्के, त्यामुळे आधी ती पिन आणि रॉकेल दोन्ही कपाटात ठेवा आणि मग वाचा. आणि हो, नेटवर सॅंड फ्ली म्हणून शोधाल तर समुद्रकाठी उड्या मारणारे ते कोळंबीच्या नात्यातले बारके किडे येतील, नाहीतर काळा आजार पसरवणारी वाळूमाशी येईल, ती दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत, त्यांचे उपाय वाचून डोकं फिरवून घेऊ नका.

बंड्याच्या पायात नक्की काय चाललंय ते जरा सविस्तर सांगते कारण एकदा हे कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. आपल्याकडे कुत्र्याच्या केसांत पळतात त्या पिसवा वेगळ्या. ही त्यांच्याहून बारीक, जेमतेम १ मिलिमीटर, जगातल्या सगळ्यात लहान पिसवांपैकी. नर आणि मादी दोघं रक्त पितात, पण कातडीत घुसते ती फक्त मादी. डोकं आत घालते, मागचं टोक बाहेर ठेवते, आणि मग तिथेच बसून रक्त पीत पीत फुगते, एकदीड आठवड्यात एवढी की भिजलेला साबुदाणा कातडीत रुतून बसल्यासारखा दिसतो. मधला काळा ठिपका म्हणजे तिचं मागचं टोक, त्याच भोकातून ती श्वास घेते, घाण टाकते आणि अंडी बाहेर सोडते. चार ते सहा आठवडे अशी जगते, त्यात शेकड्याने अंडी घालते, मग जागच्या जागी मरते आणि काळी खपली होऊन गळून पडते. म्हणजे बंड्याच्या पायातली एकेक पिसू तशीही मरणारच आहे, आपण काही केलं नाही तरी! प्रश्न असा आहे की ती मरेपर्यंत तिची अंडी बंड्या जिथे बसतो उठतो झोपतो तिथल्या वाळूत पडत राहतात, तीनचार दिवसांत त्यातून अळी निघते, अळी वरच्या दोनचार सेंटिमीटर वाळूतला केरकचरा खाऊन वाढते, कोश करते, आणि साधारण तीनेक आठवड्यांत नवीन पिसू तयार होऊन परत बंड्याच्याच पायाची वाट बघत बसते. तिला फार उंच उडी मारता येत नाही, म्हणून सगळं पंज्यात, बोटांच्या बेचक्यात, तळपायाच्या मऊ गाद्यांच्या कडेला आणि नखाच्या मुळाशी. फार वाढलं की मग नाक, कोपर, पोटाखालची बाजू आणि नर कुत्र्याचे वृषण, कारण वाळूवर लोळताना तेवढेच भाग टेकतात.

तर बंड्याचा पाय हे अर्धं प्रकरण झालं. अर्धं तुमच्या अंगणात आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक फक्त पाय साफ करतात आणि महिन्याने परत तेच फोड घेऊन येतात, आणि म्हणतात औषध चाललं नाही. औषध चाललेलं असतं हो, पिसवा नव्या असतात.

एक गोष्ट मात्र फोटोवरून मला शंभर टक्के सांगता येत नाही, तो मागच्या मांडीवरचा एकटा फोड. तो फुंझाचा वाटत नाही. तुमच्या भागात मॅंगो फ्लाय नावाची माशी असते, तिची अळी पण कुत्र्याच्या कातडीत शिरते, पण ती पोट, मांडी, पाठ अशी कुठेही आणि फोड गळवासारखा लाल, वर भोक आणि नीट बघितलं तर आत काहीतरी हलताना दिसतं. तिचं तंत्र उलटं, भोकावर व्हॅसलिनचा जाड थर दिला की हवा मिळेना म्हणून अळी वर येते आणि मग व्हेट ती हळूच दाबून पूर्ण काढतात, तुटू न देता. फुंझावर हे करायला जाऊ नका, ती दाबून बाहेर येत नाही, आतल्या आत फुटते. तो मांडीवरचा फोड व्हेटलाच दाखवा.

आता पिनेबद्दल. काकांचा राग करू नका, तिकडे पिढ्यान्पिढ्या लोक असंच करत आलेत, बाभळीचा काटा, सेफ्टी पिन, ब्लेड, हाताला लागेल ते. पण फुगलेली पिसू उकरताना ती नेमकी फुटते, अर्धी आत राहते, तिथे पू होतो आणि मूळ फोडापेक्षा जास्त दुखतं. त्यात कुत्रा तळपायाची जखम घेऊन परत त्याच वाळूत चालतो. रॉकेलने कातडी भाजते आणि बंड्या ते चाटणार, चाटून उलट्या, आणि उलटीत रॉकेल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. जुनं इंजिन ऑइल लावतात तेही तसलंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीच पिन मग घरातल्या माणसांच्या पायाला वापरली जाते, एकाकडून दुसऱ्याकडे, त्यातून हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही पसरायची भीती असते, वर मातीतला धनुर्वात आहेच. कुत्र्यांना धनुर्वात माणसांपेक्षा पुष्कळ कमी होतो, पण काकांना होऊ शकतो, तुम्हाला होऊ शकतो.

मधेच एक विचारते. बंड्या काकांच्या अंगावर धावला असं लिहिलंत, दात लागले का? अगदी ओरखडा जरी असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं धुवायला हवी होती आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं होतं, राहिलं असेल तर आज पाठवा, उशीर झाला म्हणून सोडू नका. केनियात कुत्र्यांमधे रेबीज आहे. बंड्याचं रेबीजचं इंजेक्शन झालंय का याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही, म्हणजे बहुधा झालेलं नाही. पंज्यासाठी व्हेटकडे नेणारच आहात तर ते त्याच फेरीत घ्या. आणि दुखऱ्या पायाला हात लावण्याआधी तोंडाला जाळी किंवा मऊ पट्टी बांधा, कितीही गरीब कुत्रा असला तरी.

औषधाचं बघू. दुकानवाल्याने दिलेलं दोन्ही परत करा, घेत नसेल तर मुलीच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. गुरांचं आयव्हरमेक्टिन एवढं तीव्र असतं की १५-२० किलोच्या कुत्र्याला डोस मोजताना थोडी चूक झाली तरी दहापट जातं, मग थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी. कोली (Collie) नावाच्या परदेशी मेंढपाळ कुत्र्यांचं रक्त असलेल्यांना तर साध्या डोसनेही हे होऊ शकतं आणि बंड्याच्या खापरपणजोबांचा इतिहास आपल्याला माहीत नाही. शिवाय या कामाला त्याचा भरवसा नाही, माणसांना फुंझासाठी तोंडावाटे आयव्हरमेक्टिन देऊन बघितलंय आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. ते पाण्यात मिसळायचं औषध बहुधा अमिट्राझ असेल, बाटलीवर बघा. ते गोचिडांसाठी. उघड्या जखमांच्या पंज्यांवर लावणं आणि ते बंड्याने चाटणं हे मी तरी होऊ देणार नाही.

मग काय द्यायचं? हल्ली गोचीड-पिसवांसाठी ज्या चघळायच्या गोळ्या मिळतात ना, फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सारोलेनर, त्या गटातली एक. पिसू कातडीत रुतलेली का असेना, रक्त तर पितेच, आणि औषध रक्तात असतं. ब्राझीलमधे याच पिसवेने भरलेल्या कुत्र्यांना फ्लुरालेनर देऊन बघितलंय आणि तिथे रुतलेल्या पिसवा काही दिवसांत मेल्या, नवीनही पुष्कळ दिवस टिकल्या नाहीत. फ्लुरालेनरची एक गोळी पिसवांवर साधारण १२ आठवडे चालते, अफोक्सोलेनर आणि सारोलेनर दर महिन्याला द्यावी लागते. वजन करूनच गोळी घ्या, अंदाजाने नको, मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून अर्धी असलं तर अजिबात नको, आणि पोटभर जेवणाबरोबर द्या. बंड्याला आधी कधी फिट आली असेल तर व्हेटला नक्की सांगा, या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात.

दुसरा पर्याय म्हणजे मानेवर टाकायचं थेंबांचं औषध, इमिडाक्लोप्रिड आणि परमेथ्रिन एकत्र असलेलं, तेही ब्राझीलमधे फोर्टालेझाला कुत्र्यांवर वापरून बघितलंय आणि उपयोग होतो. शिवाय त्याने डास-माश्या पण लांब राहतात. पण तुमच्याकडे मांजरं येतात. परमेथ्रिन मांजरांना विष आहे, थेंब टाकलेल्या कुत्र्याला अंग घासून झोपली तरी त्यांना झटके येऊ शकतात. म्हणून तुमच्या घरासाठी मी गोळीच सांगेन आणि विषय संपवेन.

गोळी दिल्यावर लगेच पाय स्वच्छ होईल अशी अपेक्षा नको. आठवडाभरात पांढरे फुगे सुकायला लागतात, पिवळट मग काळे पडतात, खपली होते आणि दोनतीन आठवड्यांत एकेक गळतं. त्या काळात तुमचं काम एवढंच की रोज संध्याकाळी पंजे कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या मधे नीट कोरडे करायचे, आणि पातळ केलेलं बेटाडीन, चहाच्या रंगाएवढं फिकं, कापसाने लावायचं. खपली ओढायची नाही. सुटत आलेली असेल तर आपोआप कापसाबरोबर येते, ती वाळूत टाकू नका, जाळून टाका. चाटणं थांबवायला गळ्यात ती प्लास्टिकची मोठी कॉलर घाला, बंड्या दोन दिवस तोंड पाडून बसेल, दारांना आपटेल, मग सवय होते.

पण हे सगळं घरी करण्याआधी एकदा व्हेटला दाखवायचं आहेच, कारण फोटोत उजव्या पुढच्या पंज्याची मधली दोन बोटं सुजलेली दिसतायत आणि नखाच्या मुळाशी पू आहे. तिथे अँटिबायोटिक लागेल, आणि बोटाला जास्त जंतुसंसर्ग झाला असेल तर झोपेचं इंजेक्शन देऊन तिथल्या तेवढ्या पिसवा निर्जंतुक सुईने अख्ख्या काढतील. काढणं वाईट नाही हो, कोण काढतंय आणि कशाने काढतंय याला महत्त्व. ताप असेल, जेवणं सोडलं असेल, पाय टेकतच नसेल, पंज्याला घाण वास येत असेल तर उद्यापर्यंत पण थांबू नका. वेळेत लक्ष दिलं नाही की नखं गळतात, गादी फाटते, आणि असा कुत्रा कायमचा लंगडतो.

डायमेथिकोन म्हणून एक सिलिकॉनचं पातळ तेल असतं, उवांसाठी मिळतं, ते पण सांगून ठेवते कारण मुलीच्या वेळी कामाला येईल. हे विष नाही. काळ्या ठिपक्यावर थेंब टाकला की ते त्या बारीक भोकांतून आत सरकतं आणि पिसवेचा श्वास बंद होतो. केनियातच शाळेतल्या मुलांवर अभ्यास झाला, २०१४ मधे छापून आला, एका पायाला डायमेथिकोन आणि दुसऱ्याला पोटॅशियम परमॅंगनेटचं जांभळं पाणी, सात दिवसांनी डायमेथिकोनच्या बाजूच्या ७८ टक्के पिसवा मेलेल्या आणि जांभळ्या पाण्याच्या फक्त ३९ टक्के. मालिंदीत नाही मिळालं तर मोंबासाच्या मोठ्या केमिस्टकडे विचारा. बंड्याच्या पायालाही व्हेटला विचारून चालेल, कॉलर घातलेली असेल तर.

आता अंगण, म्हणजे खरं काम. बंड्या झोपतो कुठे हे तुम्ही लिहिलं नाही, पण एका फोटोत मागे मकुटीच्या, म्हणजे नारळाच्या झावळ्यांच्या छपराची शेड दिसतेय आणि तिच्याखाली भुसभुशीत वाळूत कुत्र्याने केलेला खळगा. हीच ती जागा. वर छप्पर असल्यामुळे पाऊस येत नाही, कडक ऊन येत नाही, वाळू कोरडी, गळलेले केस, उष्टं, पाचोळा सगळं तिथेच, अळ्यांना यापेक्षा जास्त काय पाहिजे. उघड्यावरच्या, उन्हात तापणाऱ्या आणि पावसात भिजणाऱ्या वाळूत एवढ्या पिसवा होत नाहीत. त्यामुळे अख्ख्या अंगणावर विष मारत बसायची गरज नाही, दोनतीन जागा पकडायच्या, शेडखालची, आंब्याच्या बुंध्याजवळची आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशेजारची, जिथे तो जेवणाची वाट बघत बसतो. ते खळगे कुत्र्याचेच असतात आणि मुलंही नेमकी तिथेच खेळायला बसतात.

शेडखालची वरची चार बोटं वाळू खरडून काढा, काढणाऱ्याच्या पायात गमबूट हवेत, आणि ती घरापासून लांब उघड्या उन्हात पसरून टाका. पालापाचोळा जाळा. मग फुंडीला, म्हणजे तिकडच्या गवंड्याला बोलवून तिथे सिमेंटचा कोबा करून घ्या, जास्त नको, बंड्याच्या झोपण्यापुरता आणि दोन पावलं आजूबाजूला. मिठागरावरच्या माणसाच्या घरी सिमेंटचं एक पोतं सहज येईल, मिस्टरांना सांगा. कोबा लगेच जमत नसेल तर तोपर्यंत त्या किनाऱ्यावर मिळते ना ती दोरीने विणलेली खाट, तिची जुनीपानी एखादी आणा आणि बंड्याला जमिनीपासून वर झोपवा. शिकवायला दोन दिवस लागतील, खाऊचं आमिष दाखवा. तळाशी गोणपाट टाकलंत तर ते आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवायचं, नाहीतर टाकूच नका, उघडी दोरी बरी. कोबा झाल्यावर रोज झाडायचं आणि एक दिवसाआड साबणाच्या पाण्याने पुसायचं, फटी राहिल्या तर त्यातही अळ्या राहतात. घरातही एखादी खोली मातीच्या जमिनीची असेल, नोकराची खोली, भांडारघर, तर तिथे पण हेच, उलट तिथे आधी, कारण अशा घरांत लोकांना रात्री झोपेत पिसवा लागतात. आपल्याकडे शेणाने सारवून जमीन घट्ट ठेवतात तसं सारवलेलंही भुसभुशीत मातीपेक्षा चांगलं, पण सिमेंटची सर नाही.

फवारणीचं विचाराल म्हणून आधीच सांगते. त्या तेवढ्या जागांवर व्हेटने किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याने मारलेलं कीटकनाशक सुरुवातीला मदत करतं, पण वाळूत खाली असलेल्या कोशांपर्यंत ते नीट पोचत नाही, त्यामुळे एकदा मारून झालं असं होत नाही, परत मारावं लागतं, आणि तुमच्याकडे लहान मूल आणि मांजरं. म्हणून माझी पसंती खराटा, सिमेंट आणि गोळी. हळू आहे, पण टिकतं.

शेजारचे पण बघा. युगांडाच्या खेड्यांत या पिसवांचं मोठं घर म्हणजे डुकरं, तुमच्या गल्लीत कुत्री, मांजरं आणि उंदीर. तुम्ही बंड्याला कितीही सांभाळलंत तरी शेजारच्या शांबातली, म्हणजे शेतावरची, तीन कुत्री रोज तुमच्या शेडखाली झोपत असतील तर अंडी पडतच राहणार. त्यांच्या मालकांशी बोला, जमलं तर त्यांच्या गोळ्यांचे पैसे तुम्हीच भरा, खरंच, तुमच्या अंगणासाठी तो स्वस्त सौदा आहे. कुंपणाची भोकं बुजवा. रात्रीचं उष्टं बाहेर ठेवू नका, उंदीर आणि परकी कुत्री दोन्ही कमी होतील.

किती दिवस करायचं? पिसवेचं एक चक्र साधारण महिन्याभराचं धरा, त्यामुळे निदान तीन महिने बंड्या एक दिवसही औषधाशिवाय राहता कामा नये, आणि पुढे दर वर्षी कोरडे महिने सुरू व्हायच्या आधी परत सुरू करायचं. तुमच्या किनाऱ्यावर जानेवारी ते मार्च कोरडं असतं आणि तेव्हाच हे उफाळतं, एप्रिलपासून मोठा पाऊस लागला की वाळू भिजते आणि आकडा खाली येतो. तेव्हा लोकांना वाटतं गेलं एकदाचं आणि सगळं सोडून देतात, आणि पुढच्या जानेवारीत परत मला पत्र.

मुलीचं. बंड्याच्या अंगावरून थेट तिच्या अंगावर उडी मारून येते असं नाही, ती वाळूतून येते, म्हणजे त्याला मिठी मारली म्हणून लगेच घाबरू नका, पण तो झोपतो त्या वाळूत अनवाणी खेळणं बंद. चपला पुरत नाहीत, बोटं उघडी राहतात, बंद बूट आणि मोजे. उकाड्यात ती रडेल, कोबा होईपर्यंतच म्हणून समजवा. रोज रात्री अंघोळीनंतर टॉर्च लावून पाय बघायचे, नखांच्या कडा, बोटांच्या मधे, टाचेची कड. सुरुवातीला नुसता लालसर ठिपका आणि खाज असते. असं काही दिसलं तर दवाखान्यात न्या, डायमेथिकोन विचारा, आणि तिचं धनुर्वाताचं लसीकरण वयानुसार झालंय ना ते कार्डावर तपासा. तुमचं दोघांचं आणि काकांचं पण. काकांच्या घरी लहान मुलं असतील तर त्यांचे पाय बघायला सांगा, लाज वाटून लोक सांगत नाहीत, आणि ज्यांना बूट परवडत नाहीत त्यांच्याच वाट्याला हे सगळ्यात जास्त येतं. जागतिक आरोग्य संघटनेने याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलंय ते काही उगाच नाही.

भारतात आणायचं विचारलंत म्हणून थोडं विषयांतर करते. ही पिसू मूळची आफ्रिकेची नाहीच, अमेरिकेची. १८७२ मधे ब्राझीलहून निघालेल्या एका जहाजात तोल राखायला भरलेल्या वाळूतून ती अंगोलाच्या किनाऱ्याला उतरली, आणि माणसांच्या आणि जनावरांच्या पायांतून पंचवीसेक वर्षांत अख्खा खंड ओलांडून झांझिबारला पोचली. तिथून परतणाऱ्या मजूर-शिपायांबरोबर १८९९ च्या सुमाराला मुंबईत पण आलेली! नशीब आपलं की तिने इथे तिकडच्यासारखं बस्तान बसवलं नाही, महाराष्ट्रातून माणसांच्या तुरळक केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात तेवढंच. तेव्हा बंड्याला आणायचं झालं तर जरूर आणा, पण निघण्याआधी सलग तीन महिने औषधावर, पंज्यांवर एकही जिवंत फोड नाही असं व्हेटचं सर्टिफिकेट, आणि त्याचं अंथरूण तिकडेच टाकून यायचं. बाकी विमानाची आणि ॲनिमल क्वारंटाइनच्या परवानगीची कागदपत्रं बरीच आधीपासून सुरू करावी लागतात, ऐनवेळी होत नाहीत.

सासूबाईंचं कडुनिंबाचं तेल अगदीच हसण्यावारी न्यायचं नाही. केनियातच कडुनिंब आणि खोबरेल तेलाचं मिश्रण माणसांच्या फुंझावर वापरून बघितलंय, खाज-जळजळ कमी व्हायला त्याचा फायदा दिसला, आणि खोबरेल असलेलं मलम पायांना रोज दोन वेळा चोळलं तर नवीन पिसवा कमी शिरतात हेही दिसलंय. तेव्हा सासूबाई आल्या की नातीच्या पायांना खोबरेल चोळायचं काम बिनधास्त त्यांच्याकडे द्या, दोघी खूश. बंड्याला मात्र नुसतं कडुनिंबाचं तेल नको, तो चाटून घेईल आणि पोट बिघडेल. त्याच्या बऱ्या झालेल्या पंज्यांना फिरायला जाताना खोबरेलाचा हात लावला तर चालेल, पण गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर. आणि सासूबाईंना सांगून ठेवा, सकाळी तुळशीला पाणी घालायला अनवाणी अंगणात जायची सवय इथे चालणार नाही, येताना साताऱ्याहूनच पुढून बंद असलेले कॅनव्हासचे बूट घेऊन या.

राहिले मिस्टर. त्यांना माझ्यातर्फे एवढंच विचारा, कुत्रा दिला तर वाळूतल्या पिसवा काय त्याच्याबरोबर जाणार आहेत का? कोश वाळूतच राहतील, शेजारची कुत्री, मांजरं, उंदीर येतच राहतील, आणि बाहेर पडलेल्या उपाशी पिसवेला बंड्याचा पाय मिळाला नाही तर घरात उरलेले पाय कुणाचे? उलट गोळी घेतलेला बंड्या अंगणात फिरला तर त्याच्या पायात शिरणारी प्रत्येक पिसू अंडी घालायच्या आधीच मरते, म्हणजे तो तुमच्या अंगणातल्या पिसवा कमी करतोय, फुकटात. शिवाय ज्याला द्याल त्याच्या अंगणात आत्ता पायात असलेल्या पिसवा जातील ते वेगळंच. ज्या घरात तो तुमच्या आधीपासून राहतोय तिथून त्याला हाकलायच्या आधी एक गोळी आणि एक पोतं सिमेंट करून बघा म्हणावं.

व्हेटकडे जाऊन आलात की गोळीचं नाव, बंड्याचं वजन आणि गोळी दिल्याच्या दहाव्या दिवशीचे चारही पंज्यांचे फोटो पाठवा, बोटं फाकवून, उजेडात, आणि शक्यतो तोंड बांधलेलं असताना.